गेमचं दुकान बंद झालं, आता या डिस्कचं काय करू?

पोटमाळा (धागाकर्ता) | शनिवार, रात्री १०:५२

मंडळी, घराला रंग काढायचाय म्हणून माळा रिकामा केला. एक खोकं खाली आलं. त्यात पीएस३ (प्लेस्टेशन ३, टीव्हीला जोडून गेम खेळायचा कन्सोल), दोन कंट्रोलर (एकाचं बटण दाबलं की दाबलेलंच राहतं) आणि छत्तीस डिस्क. बायको म्हणाली, उद्या भंगारवाला येतो. मी म्हटलं, वेडी आहेस का, एकेक डिस्क अडीच हजाराची आहे. ती म्हणाली, मग विकून दाखव.

म्हणून आज पिशवी भरून दादरला गेलो. तिथे जिन्याखाली एक गाळा होता, चार बाय आठ. दोन गिऱ्हाइकं आत शिरली की तिसऱ्याने फुटपाथवरून बोट दाखवायचं. शेठ कच्छी, मराठी आमच्यापेक्षा स्वच्छ. "हा नको नेऊस, तू आठवड्यात परत आणशील" असं तोंडावर सांगणारा. आता तिथे मोबाइलची कव्हरं लटकतायत. पोऱ्याला विचारलं तर म्हणाला, "गेम? प्ले स्टोअरवर बघा ना काका."

काका! असो.

प्रश्न दोन आहेत. या डिस्क मुंबईत आता कोण घेतं? आणि तुमच्या भागातलं गेमचं दुकान कधी गेलं, कुणी मारलं? माझं मत विचाराल तर ऑनलाइन सेलने मारलं. हजार रुपये कमी आणि घरपोच, मग शेठकडे कोण जाणार? खरं सांगायचं तर मीही गेलो नाही. २०१५ नंतर आज पहिल्यांदा.

खटपट्या | शनिवार, रात्री ११:०४

बायकोशी पैज लावायच्या आधी धागा काढायचा होतात.

नऊ_व्होल्ट | शनिवार, रात्री ११:३१

डिस्कवाल्यांनो, तुम्ही श्रीमंताघरची पोरं. आमचं दुकान कॅसेटचं. लालबागला, बेकरीला लागून. समुराईचा ओरिजिनल डबा (टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम) अख्ख्या चाळीत एका घरात, बाकी आम्ही सगळे चायनीज. ॲडॉप्टर नऊ व्होल्टचा, तासाभरात असा तापायचा की आजी म्हणायची, यावर पापड भाजून घेते. पिवळी कॅसेट, वर लिहिलेलं '९९९९ इन १'. मेनूत नावं दहा हजार, खरे गेम आठ-दहा. तोच मारिओ एकदा पहिल्या लेव्हलपासून, एकदा तिसऱ्या, एकदा पाचव्या. आम्ही भोळे, प्रत्येक नंबर उघडून बघायचो, पुढे काहीतरी वेगळं निघेल म्हणून. मे महिन्याच्या सुट्टीत मी सातशेपर्यंत पोचलो होतो.

मुद्दा असा की आमच्या दुकानात कॅसेट विकत घ्यायला कोणी जायचंच नाही. बदलायला जायचं. जुनी द्या, वर तीस रुपये द्या, दुसरी न्या. शनिवारी नेलेली बुधवारी परत. आणि काउंटरवर टीव्ही, त्यावर लावून दाखवायची पद्धत. चालत नसेल तर दुकानदार स्वतः फुंकर मारणार. त्याच्या फुंकरीला वेगळाच गुण होता, आमच्या फुंकरीने चालायची नाही.

वर वर खाली खाली डावं उजवं डावं उजवं बी ए. ज्याला कळलं त्याला कळलं.

खटपट्या | शनिवार, रात्री ११:४४

@नऊ_व्होल्ट, फुंकरीचा गुण शून्य. कॅसेट काढून परत घातली की पिना नीट बसायच्या, म्हणून चालायची. उलट थुंकीच्या वाफेने पिनांना गंज चढायचा. एक जुनी माहितीही देतो. जपानचा फॅमिकॉम (निंटेंडो कंपनीचा गेमचा डबा) १९८३ चा, त्याची कॅसेट ६० पिनांची. अमेरिकेतला त्याचा अवतार एनईएस १९८५ चा, ती ७२ पिनांची. आपल्याकडचे चायनीज डबे ६० वाले. म्हणून मामाने अमेरिकेहून आणलेली कॅसेट चाळीतल्या कुणाच्याही डब्यात बसायची नाही आणि मामाचा उगाच अपमान व्हायचा.

नऊ_व्होल्ट | शनिवार, रात्री ११:४९

तुम्ही माझं बालपण गंजवलंत. मामाचं मात्र तंतोतंत खरं आहे, आमच्या मामाने ती कॅसेट शेवटी पेपरवेट म्हणून वापरली.

कळफलक | रविवार, सकाळी ८:१५

गळे काढणं झालं असेल तर दुसरी बाजू मांडतो.

ही दुकानं कशावर चालत होती? चोरीच्या मालावर. पीएस२ घेतला की त्याच गल्लीत चिप मारून मिळायची (चोरीच्या डिस्क चालाव्यात म्हणून), मग जन्मभर शंभराच्या आत डीव्हीडी. लेन्स गेली की परत तिथेच, "भाऊ, तुम्ही लोकल डिस्क वापरता ना, म्हणून गेली." अरे, लोकल डिस्क विकली कुणी? भाव चेहरा बघून. बिल मागितलं की हजार वाढणार. वॉरंटी म्हणजे "मी इथेच आहे ना."

आणि ताजा अनुभव ऐका. पीएस५ भारतात २ फेब्रुवारी २०२१ ला आला, किंमत ४९,९९०. ऑनलाइन मिनिटांत संपला. मी उपनगरातल्या अशाच एका 'आपल्या माणसाच्या' दुकानात गेलो. म्हणे आहे, पण बंडल घ्यावं लागेल. तीन गेम, एक जादा कंट्रोलर आणि एक चार्जिंग स्टँड, जो मी आजपर्यंत लावलेला नाही. अडलेल्याला असं नाडणाऱ्यांबद्दल मला हळहळ वाटत नाही. बंद झाली, बरं झालं.

मी_डोंबिवलीकर | रविवार, सकाळी ८:४०

कळफलकराव, स्टँड विकणार का?

रिमोटवाली | रविवार, सकाळी ९:२२

कळफलक यांच्याशी निम्मी सहमत, पण माझं कारण वेगळं.

२००६-०७ ला मी ठाण्यात कॉलेजला होते. गोखले रोडच्या एका गल्लीत पहिल्या मजल्यावर दुकान, मागच्या खोलीत तासाला वीस रुपये देऊन खेळायची सोय. तीन वर्षांत त्या मागच्या खोलीत मी एकदा गेले. आत बारा मुलगे, एक पंखा, सगळे वळून बघायला लागले. परत गेले नाही. पुढच्या काउंटरवर दरवेळी तोच प्रश्न: "भावासाठी घेताय का?" भाऊ मला नाहीच. एकदा वैतागून म्हटलं, हो, भावासाठी, त्याला मारामारीचा आवडतो. तर टेक्केन काढून दिला आणि वर म्हणाला, "त्याला सांगा, तिसऱ्यापेक्षा पाचवा चांगला." त्या नसलेल्या भावाच्या नावावर मी दोन वर्षं गेम बदलून घेतले. दुकानदाराच्या वहीत अजून तो असेल. त्याचं नाव मी रोहन ठेवलं होतं.

ऑनलाइन आलं तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. कुणी विचारत नाही, कुणी बघत नाही. त्यामुळे 'आपुलकी'च्या आठवणी वाचताना एवढंच लक्षात असू द्या की ती आपुलकी सगळ्यांच्या वाट्याला नव्हती.

हेही कबूल करते की पाचवा खरंच चांगला होता.

सांजवारा | रविवार, सकाळी ९:३०

रोहन!! हसून हसून पुरेवाट. रोहनला आमचा नमस्कार सांगा.

गल्ला_बंद | रविवार, दुपारी १:१०

नऊ वर्षं इथे नुसता वाचतोय. आज लिहावं लागतंय, कारण धागा माझ्या धंद्यावर आहे. माझं दुकान होतं. कुठे ते सांगत नाही, पश्चिम रेल्वेवर समजा. २००३ ते २०२२.

पोटमाळा, ऑनलाइन सेलने आम्ही मेलो नाही. सेल लागला की मीच तिथून माल उचलायचो. होलसेलवाल्यापेक्षा स्वस्त पडायचा. एका खात्यावर दोनच नग द्यायचे, म्हणून बायको, मेव्हणा, इमारतीचा वॉचमन, सगळ्यांच्या नावाने ऑर्डरी. कुरिअरवाला मला विचारायचा, शेठ, तुमच्याकडे एवढे लोक राहतात?

हिशेब सांगतो. नव्या सीलबंद डिस्कवर मला सुटायचे दीड-दोनशे. कन्सोलवर तर कार्ड घासल्याचा चार्ज वजा केला की चहापाणी. त्यात जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा कन्सोल २८ टक्क्यांत बसवला होता, जानेवारी २०१९ ला १८ वर आणला. तोवर गिऱ्हाईक किंमत विचारून थेट मनीष मार्केटची (बिनबिलाच्या मालाचा बाजार) गाडी पकडायचं. नव्या मालावर गाळ्याचं लाइटबिलही निघालं नसतं.

धंदा होता जुन्या डिस्कचा. नऊ_व्होल्ट बरोबर बोलले, बदली. तुम्ही अडीच हजाराचा गेम नेलात, पंधरा दिवसांत संपवलात, मी तेराशेला परत घेतला, सतराशेला दुसऱ्याला दिला. तो महिन्याने आणणार, मी हजाराला घेणार, तेराशेला देणार. फुटबॉलचा एक गेम माझ्याकडे सहा वेळा आला. खोक्यावरच्या चऱ्यावरून मी ओळखायचो, आला बाबा माहेरपणाला. त्या एका डिस्कने मला दहा सीलबंद डिस्कांएवढे दिले. आणि गिऱ्हाईक बदलायला आलं की रिकाम्या हाताने जायचं नाही, केबल तरी नेणार, कंट्रोलरची टोपी तरी.

डिस्क परत येते तोवर दुकान. ती परत येणं कसं थांबलं ते ऐका.

पहिल्यांदा गेला पीसी. खोक्यात डीव्हीडी असायची, पण आतला नंबर एकदा खात्याला चिकटला की डिस्क म्हणजे चहाच्या कपाखाली ठेवायची चकती. हाफ-लाइफ २ ला २००४ मध्येच स्टीमचं (पीसी गेमचं ऑनलाइन दुकान) खातं लागत होतं, आम्हाला तेव्हा ते पुढचं कळलं नाही. नोव्हेंबर २०१५ ला स्टीमवर रुपयात भाव लागले, तेव्हा मी पीसीचं शेल्फ काढून तिथे हेडफोन लावले.

मग २०१० च्या सुमारास 'ऑनलाइन पास' आला. नव्या खोक्यात एक कोड, तो एकाच माणसाला चालणार. जुनी डिस्क घेणाऱ्याने ऑनलाइन खेळायला कंपनीला वेगळे पैसे मोजायचे. दोन-तीन वर्षांत बोंबाबोंब होऊन बंद झाला, पण कंपन्यांना आम्ही खुपतोय हे तेव्हा कळलं. त्यांच्या दृष्टीने डिस्क सहा वेळा विकली गेली आणि त्यांना पैसे एकदाच मिळाले. चूक नाही त्यांची.

आणि पीएस५ दोन प्रकारचा आला. डिस्कवाला ४९,९९०, बिनडिस्कचा ३९,९९०. गिऱ्हाईक दहा हजार वाचले म्हणून खुशीत. मी पिशवीत भरून द्यायचो आणि मनात म्हणायचो, हा आता परत येत नाही. कशासाठी येईल?

गाळा पागडीचा होता, इमारत पुनर्विकासाला गेली, ते निमित्त. आता स्टेशनरी आणि झेरॉक्स आहे. सुखी आहे. झेरॉक्स कोणी पंधरा दिवसांनी बदलायला आणत नाही.

सांजवारा | रविवार, दुपारी १:२६

धाग्याचं सार्थक झालं. वाचनखूण साठवली. शेठ, नऊ वर्षं कुठे होतात?

कळफलक | रविवार, दुपारी १:४०

प्रामाणिक प्रतिसाद, आवडला. पण लोकल डीव्हीडीबद्दल सोयीस्कर मौन?

गल्ला_बंद | रविवार, दुपारी २:०५

विकल्या. कशाला खोटं बोलू? पीएस२ च्या काळात ओरिजिनल डिस्क घेणारी माझी दोन गिऱ्हाइकं होती, त्यातला एक जर्मन. छाप्याची कुणकुण लागली की शटर अर्धं आणि माल शेजारच्या शिंप्याकडे. शिंपी महिन्याला एक गेम फुकट न्यायचा. पीएस३ आल्यावर मी ते बंद केलं. अक्कल आली म्हणून नव्हे, तिची डिस्क ब्लू-रे, ती घरी भाजणं (म्हणजे कॉपी मारणं) परवडत नव्हतं म्हणून.

पण एक डिस्क मी अभिमानाने विकली. क्रिकेट ०७. कंपनीने (ईए) त्यानंतर क्रिकेटचा गेम काढलाच नाही आणि इकडे २००८ ला आयपीएल सुरू झालं. पोरांना दरवर्षी नवे संघ, नव्या जर्सी पाहिजेत. कुठली तरी कॉलेजची मुलं रात्र रात्र जागून पॅच (जुन्या गेमला लावायची ठिगळं) बनवून नेटवर टाकायची. मी ते उतरवून डीव्हीडीवर घ्यायचो आणि मार्करने लिहायचो: 'क्रिकेट ०७ + आयपीएल'. साठ रुपये. एप्रिलमध्ये रांग लागायची. चोरीचा म्हणा हवं तर, पण तो माल कंपनी विकतच नव्हती.

मी_डोंबिवलीकर | रविवार, दुपारी २:११

ती डिस्क!!! माझ्याकडे होती. मित्राने नेली, मित्र पुण्याला गेला, डिस्क गेली, मैत्रीही थोडी गेली.

आठ_चौपन्न_स्लो | रविवार, दुपारी ३:३०

अवांतर: कोणीतरी लॅमिंग्टन रोडचा (मुंबईचा इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार) विषय काढेल म्हणून थांबलो होतो, शेवटी मीच काढतो. त्याचं नाव आता डॉ. भडकमकर मार्ग आहे. एकाही टॅक्सीवाल्याला माहीत नाही. लॉर्ड लॅमिंग्टन १९०३ ते १९०७ मुंबईचा गव्हर्नर होता, चार वर्षांत नाव असं चिकटलं की शंभर वर्षांत निघालं नाही. आता मेट्रो ३ चं ग्रँट रोड स्टेशनही झालंय, ऑक्टोबर २०२५ पासून, तरी लोक पत्ता 'लॅमिंग्टनला, पुलाच्या अलीकडे' असाच सांगतात.

अति अवांतर: मुस्तफा खेळलेले किती जण? एक रुपयाचं नाणं, सायकलच्या दुकानामागे मशीन. गेमचं खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स' होतं हे मला तिशी ओलांडल्यावर कळलं.

नऊ_व्होल्ट | रविवार, दुपारी ३:३८

मुस्तफा हात वर. रुपयाच्या नाण्याला दोरा बांधून परत ओढायचा प्रयोगही केलेला आहे. दोरा आत राहिला. मशीनवाल्याने आईला बोलावलं.

परसातला_डॉलर | रविवार, संध्याकाळी ५:०२

न्यू जर्सीतून. इथली गोष्ट जरा वेगळ्या वळणाने गेली. छोटी दुकानं आधी मोठ्या साखळ्यांनी गिळली, मग साखळ्यांनी एकमेकांना गिळलं (गेमस्टॉपने २००५ ला ईबी गेम्स घेतलं), आणि आता ती साखळीच शेकड्याने दुकानं बंद करतेय. गंमत म्हणजे माझ्या घराजवळ एक गृहस्थ स्वतःचं छोटं दुकान अजून चालवतात, आणि बरं चालवतात. नवा माल जवळजवळ नाहीच. जुन्या कॅसेट, जुने कन्सोल, दुरुस्ती. शेठ म्हणतात तेच, माल फिरता आहे.

मग मुंबईत असं का होऊ नये? नऊ_व्होल्ट यांच्यासारखी चाळिशीतली, खिशात पैसे आलेली गिऱ्हाइकं आहेतच की.

खटपट्या | रविवार, संध्याकाळी ५:४१

@परसातला_डॉलर, होतंय, पण पाटी दिसत नाही. लॅमिंग्टनला पहिल्या-दुसऱ्या मजल्यावर, सोल्डरिंगच्या टेबलामागे आहेत अशी माणसं. मी आठवड्यातून एकदा जातो (माझा छंद, धंदा नव्हे). पीएस४-पीएस५ चा एचडीएमआय पोर्ट तुटणं आणि कंट्रोलरची काडी आपोआप सरकणं, या दोन रोगांवर त्यांची घरं चालतात. कंट्रोलर नवा घ्यायचा तर पाच-सहा हजार, म्हणून लोक येतात.

दुसरं गिऱ्हाईक निंटेंडोचं. कंपनी भारतात स्वतः स्विच (तिचा कन्सोल) विकत नाही, त्यामुळे अजून सगळा माल बाहेरून येतो आणि हीरा पन्ना मार्केट, लॅमिंग्टन इथे माणसाशी बोलूनच घ्यावा लागतो. म्हणजे अधिकृत कंपनी आली नाही म्हणून दुकान तगलं. कळफलकरावांना न आवडणारं सत्य.

जुन्या कॅसेटची मात्र अडचण आहे. आपल्याकडे ओरिजिनल होत्याच कुठे? अमेरिकेत माळ्यावरून खरा मारिओ निघतो. आपल्या माळ्यावरून '९९९९ इन १' निघतं.

कळफलक | रविवार, संध्याकाळी ६:१०

आवडलं नाही, पण मान्य.

अजून_एकोणीस | रविवार, संध्याकाळी ७:२५

सॉरी, मध्ये बोलतोय. मी १९ वर्षांचा आहे. गेम *विकत* घेणे हा प्रकार मी आयुष्यात दोनदा केलाय. फोनवर बीजीएमआय (पब्जीचा भारतीय अवतार) फुकट. लॅपटॉपवर एपिकचं ऑनलाइन स्टोअर २०१८ पासून फुकट गेम वाटतंय, माझ्या खात्यात शेकडो पडलेत, उघडलेत सहा. पैसे जातात ते स्किनवर (गेममधल्या हत्यारांचं, कपड्यांचं नवं रूप). चौतीसशे रुपयांची एक बंदूक आहे माझ्याकडे, ती कुठल्या शेठकडे बदलायला नेऊ?

तुमच्या शेठची गोष्ट भारी वाटली, पण आमच्यासाठी ते दुकान बंद झालं नाही, कधी उघडलंच नव्हतं. आमच्याकडे 'हा नको घेऊस' सांगायला यूट्यूबवाला असतो. तोही सांगत नाही, कारण त्याला पैसे मिळालेले असतात.

रिमोटवाली | रविवार, संध्याकाळी ७:४०

चौतीसशेची बंदूक? आईला माहितीये का?

अजून_एकोणीस | रविवार, संध्याकाळी ७:४१

ताई प्लीज.

सांजवारा | रविवार, रात्री ८:१५

एकोणीसने जाता जाता मुद्द्यालाच हात घातलाय. ती बंदूक त्याची नाहीच, सर्व्हर आहे तोवर दिसते. विकत घेतलेल्या गेमचंही आता तेच. 'द क्रू' हा गाड्यांच्या शर्यतीचा गेम कंपनीने ३१ मार्च २०२४ ला बंद केला, ज्यांच्याकडे डिस्क होती त्यांचीही बंद. निंटेंडोने थ्रीडीएस आणि वी यू या आपल्या जुन्या कन्सोलांचं ऑनलाइन दुकान मार्च २०२३ ला मिटवलं. कॅलिफोर्नियात २०२५ पासून कायदाच आहे की तुम्ही फक्त वापरायचा परवाना विकताय हे ग्राहकाला स्पष्ट सांगा. म्हणजे सांगितलं की झालं, विकायला मोकळे.

पोटमाळांचं खोकं मला म्हणूनच श्रीमंत वाटतं. छत्तीस डिस्क त्यांच्या आहेत. विका, वाटा, भंगारात द्या, कुणाला विचारावं लागत नाही.

पोटमाळा | रविवार, रात्री ८:५०

श्रीमंत माणूस बोलतोय. भंगारवाला येऊन गेला. बायकोने पीएस३ चं पुठ्ठ्याचं खोकं त्याला देऊन टाकलं, पाच रुपये आले, ते तिने माझ्यासमोर फ्रिजवर ठेवलेत. डिस्क अजून इथेच आहेत.

वीस-बावीस प्रतिसाद झाले, मुस्तफा झाला, लॉर्ड लॅमिंग्टन झाला, रोहन झाला. माझा पहिला प्रश्न कोणी घेणार का? सहा डिस्कांवर चरे आहेत. टूथपेस्ट लावून बघतोय.

खटपट्या | रविवार, रात्री ८:५२

थांबा!! टूथपेस्ट नको! ते सीडी-डीव्हीडीचं शास्त्र. डीव्हीडीत माहितीचा थर वरून ०.६ मिलिमीटर खोल असतो, घासायला जागा आहे. पीएस३ ची डिस्क ब्लू-रे, तिच्यात थर ०.१ मिलिमीटरवर. वर कडक लेप असतो म्हणून सहसा चरा पडत नाही, पण पडला की घासून जात नाही. घासाल तर गेमच पुसाल.

आता विक्रीचं. पीएस४ च्या डिस्क आधी वेगळ्या काढा, त्या डिस्कवाल्या पीएस५ मध्ये चालतात, म्हणून अजून भाव आहे. पीएस३ च्या पीएस५ मध्ये चालत नाहीत, त्या फक्त पीएस३ वाल्याला. पण पीएस३ चे गेम जवळपास सगळे कुठल्याही देशाच्या मशीनवर चालतात, म्हणून जमवणारे लोक घेतात. प्रत्येक खोकं उघडून आत तीच डिस्क आहे का बघा. शनिवारी लॅमिंग्टनला येणार असाल तर मला व्यक्तिगत निरोप करा, माणूस दाखवतो. अडीच हजाराची आशा मात्र सोडून या.

गल्ला_बंद | रविवार, रात्री ९:०५

माहितीपुस्तिका आत असेल तर वेगळी काढू नका, जमवणारे आधी तीच बघतात. आणि त्याने पहिला भाव सांगितला की नुसतं "अच्छा" म्हणून गप्प बसायचं. दुसरा भाव तो आपणहून सांगतो. एकोणीस वर्षं माझ्याशी लोक हेच करत आलेत.

पोटमाळा | पुढचा शनिवार, रात्री ९:३०

अपडेट.

खटपट्यांबरोबर जाऊन आलो. दुसरा मजला, अंधारा जिना, दारावर फक्त 'रिपेअरिंग'. आत एक तिशीतला मुलगा डोळ्याला भिंग लावून पोर्ट बसवत होता. नऊच्या नऊ पीएस४ डिस्क घेतल्या. पीएस३ च्या बाविसातल्या अकरा घेतल्या. "अच्छा" म्हणून गप्प बसलो. तोही गप्प बसला. दोन मिनिटं पंख्याचा आवाज. शेवटी मीच हरलो. एकूण ४,३०० मिळाले. वर कंट्रोलरची रबरी पट्टी त्याने बदलून दिली, ऐंशी रुपये.

पैज कोण जिंकलं यावर घरात दोन मतं आहेत.

फुटबॉलचा एक गेम त्याने परत केला. खोक्याचा कोपरा चिरलेला, आतल्या बाजूला पेनने १, २, ३, ४, ५, ६ अशा छोट्या रेघा.

गल्ला_बंद | पुढचा शनिवार, रात्री ९:४४

रेघा निळ्या पेनाने?

पोटमाळा | पुढचा शनिवार, रात्री ९:४६

काळ्या. आणि तुम्ही कच्छी नाही.

गल्ला_बंद | पुढचा शनिवार, रात्री ९:४७

नाही. मग दादरवालाही मोजत होता म्हणायचं.

पोटमाळा | पुढचा शनिवार, रात्री १०:०२

आणखी एक. कार रेसिंगच्या खोक्यात रेसिंग नव्हतंच. आत बिननावाची चंदेरी डीव्हीडी, वर मार्करने 'क्रिकेट ०७ + आयपीएल २०११'. कधी घेतली आठवत नाही. लॅपटॉपला ड्राइव्ह नाही, त्यामुळे चालते की नाही माहीत नाही.

मी_डोंबिवलीकर | पुढचा शनिवार, रात्री १०:०३

मला.

मी_डोंबिवलीकर | पुढचा शनिवार, रात्री १०:०३

बाहेरचा डीव्हीडी ड्राइव्ह आहे माझ्याकडे. किती पैसे सांगा.

कळफलक | पुढचा शनिवार, रात्री १०:०९

चोरीच्या मालाची जाहीर खरेदी-विक्री. छान. (चालली तर मलाही एक कॉपी.)

पोटमाळा | पुढचा शनिवार, रात्री १०:१५

साठ रुपये. सोमवारी संध्याकाळी सात, दादर, फलाट आठ.

मी_डोंबिवलीकर | पुढचा शनिवार, रात्री १०:१६

आठ म्हणजे जुना एक ना?

पोटमाळा | पुढचा शनिवार, रात्री १०:१८

हो, जुना एक. स्लो गाडीचा. पुलाखाली उभा असेन.